भात सोडू का? कोकणातलं जेवण आणि वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वजन उतरवायचं ठरलं की मुंबईहून कुणीतरी डाएटचं एक छापील पान पाठवतं. त्यात ओट्स असतात, ब्रोकोली असते, ऑलिव्ह तेल असतं. गावच्या आठवडी बाजारात यातलं काही मिळत नाही, मिळालं तरी खिशाला परवडत नाही, आणि चार दिवसांनी ते पान फ्रिजच्या दारावर तसंच राहून ताटात पूर्वीचंच येतं. इथली उत्तरं कोकणातल्या स्वयंपाकघरात जे खरोखर असतं ते धरून दिली आहेत. आपल्या ताटाची मापं नांगर धरणाऱ्या, होडी ओढणाऱ्या माणसाची आहेत, आणि जेवणारा माणूस आता स्कूटरवरून जाऊन दिवसभर दुकानात बसतो. बहुतेक उत्तरं या एकाच गोष्टीपाशी येतील.

माझं वजन खरंच जास्त आहे का, हे कसं ठरवू?

काट्यावर चढण्याआधी शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर किंवा बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर लक्ष घालायची वेळ झाली. भारतीयांमध्ये चरबी पोटात साठण्याची प्रवृत्ती जास्त असते. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, असा माणूस काट्यावर ‘नॉर्मल’ दिसतो आणि साखर मात्र वाढलेली निघते.

काट्याचा हिशोब हवाच असेल तर किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. हाच बीएमआय. आपल्याकडे तो २३ च्या पुढे गेला की सावध व्हायचं. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी ही रेषा ५९ किलोच्या आसपास येते.

भाताबिगर जेवल्यासारख्या वाटणाच नाय. भात सोडूकच व्हयो काय?

नको. भात सोडणारे महिना-दीड महिना टिकतात आणि मग एखाद्या लग्नाच्या पंगतीत सगळा वचपा काढतात.

शिजलेल्या भाताच्या मध्यम वाटीत, म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये, साधारण २०० कॅलरी असतात. एक वाटी कुणालाच जड होत नाही. पण आपण वाटीने वाढतो कुठे? डावाने वाढतो, ते तीन-साडेतीन वाट्या भरतं, त्यावर कालवणाचा रस, बाजूला माशाची एक तुकडी आणि भाजी नावाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. त्यातल्या ताटात निम्मी जागा भाज्या आणि फळांची आहे. २००० कॅलरींच्या दिवसात सगळं धान्य मिळून २५० ग्रॅम धरलं आहे, तेही कच्चं मोजून.

हे ‘सगळं धान्य मिळून’ आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. सकाळी घावणे, दुपारी भात, चार वाजता पोहे, रात्री पुन्हा भात. खाणाऱ्याला वाटतं आपण भात दोनदाच खाल्ला. प्रत्यक्षात तांदूळ चारदा पोटात गेला, दोनदा वेश बदलून. म्हणून दुपारचा भात कापायच्या आधी चारचे पोहे कापा, ते जास्त सोपं जातं.

दुपारी दीड वाटी, रात्री एक वाटी, इथून सुरुवात करा. अंगमेहनतीचं काम असेल तर थोडा जास्त. आधी भाजी आणि मासा अर्धा संपवा, मग भाताला हात घाला. बायकांना एक वेगळं सांगणं: उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून उभ्याउभ्या संपवायचा नाही. तो सकाळी फोडणी देऊन वाटून खा, नाहीतर कोंबड्यांना घाला.

लाल तांदूळ, उकडा तांदूळ यांनी वजन कमी होतं का?

कॅलरी पांढऱ्या तांदळाएवढ्याच, थोडं इकडे तिकडे. फरक दुसरीकडे आहे. लाल तांदूळ फार पॉलिश केला नाही तर कोंडा टिकतो, तंतू जास्त मिळतात, पोट उशिरापर्यंत भरलेलं राहतं. उकड्यात भात टरफलासकट उकडून वाळवतात. त्या वेळी कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरतं आणि नंतर कांडल्यावरही बऱ्यापैकी शिल्लक राहतं. उकडा भात रक्तात साखर जरा सावकाश सोडतो. तेव्हा मिळत असेल तर जरूर खा. पण ‘लाल आहे, कितीही खाल्ला तरी चालतो’ असं म्हणून तीन वाट्या खाल्ल्या तर हिशोब तोच.

सकाळी पेज प्यायली तर चालेल?

माझ्या मते चहा-खारी किंवा चहा-बटरपेक्षा कितीतरी बरी. मोठं वाडगंभर पेज मूठभर तांदळात होते, बाकी पाणी. अडचण एकच, तिच्यात प्रथिनं फारशी नाहीत, त्यामुळे अकराला पुन्हा भूक लागते आणि पाय हॉटेलकडे वळतात. पेजेसोबत लोणचं-पापडाऐवजी फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ किंवा उकडलेलं अंडं घ्या. मधुमेह असेल तर पेज अगदी घोटून पातळ करू नका. दाणे अख्खे असू द्यात आणि बाजूची उसळ जास्त.

नाचणी खाल्ली की वजन उतरतं म्हणतात.

नाचणीच्या भाकरीने वजन उतरत नाही, भाकरी मोजून खाल्ल्याने उतरतं. १०० ग्रॅम नाचणीत ३२० च्या आसपास कॅलरी आहेत, म्हणजे तांदळापेक्षा किंचितच कमी. तिचं खरं मोल कॅल्शियममध्ये आहे: १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. दूध न आवडणाऱ्या, पाळी जाण्याच्या वयातल्या बायकांनी रात्रीच्या भाताऐवजी एक नाचणीची भाकरी घेतली तर हाडांना आधार मिळतो. भाकरीला चावावं लागतं, त्यामुळे हातही आपोआप थांबतो. भात गिळला जातो.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तेव्हापासून दुकानात नाचणीची बिस्किटं, नाचणीचे लाडू, नाचणीचे कुरकुरे यांचा पूर आला. पाकीट उलटं करून बघा. बहुतेकांत मैदा आणि साखर आधी, नाचणी मागून. घरची आंबील या सगळ्यांना भारी आहे.

मासे रोज खाल्ले तर चालतील? कोणते खाऊ?

चालतील, आणि या किनाऱ्यावर राहून वजन उतरवणाऱ्याला याहून मोठी सवलत नाही. मध्यम बांगड्यात काटे वगळून साधारण १०० ग्रॅम मांस निघतं आणि त्यात १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात. प्रथिनांची शिफारस वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. दोन बांगड्यांत पाऊण काम झालं. प्रथिनांनी पोट भरल्यासारखं वाटतं, आणि वजन घटताना स्नायू झिजू नयेत म्हणूनही ती लागतात.

बाजारात मान पापलेट-सुरमईला आणि दरही त्यांनाच. पण हृदयाला उपयोगी पडणारी ओमेगा-३ चरबी स्वस्तातल्या तारली, पेडवे आणि बांगड्यात जास्त मिळते. बारीक तारल्या काट्यांसकट चावून खाल्ल्या तर कॅल्शियमही मिळतं. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं यांतून लोह आणि ब१२ जीवनसत्त्व. पाहुणे आल्यावर पापलेट आणा की, कोण नाही म्हणतंय, पण रोजच्या ताटात बांगडा असला म्हणून कुणी गरीब ठरत नाही.

घोळ तव्यावर होतो. रव्यात घोळवून सढळ तेलात तळलेली तुकडी म्हणजे माशावर चढवलेला रव्या-तेलाचा अंगरखा. आठवड्यातून एकदा तळा, बाकी दिवस तिखलं, सार किंवा कालवण करा. हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर किंवा निखाऱ्यावर भाजलेला बांगडा ज्याने खाल्ला आहे त्याला तळलेल्याची फारशी आठवण येत नाही. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं तर जेमतेम चमचाभर तेलात होतं.

युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी मात्र तारली, बांगडा, तिसऱ्या आणि कोलंबी यांबद्दल डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावं.

गरोदरपणात मासे बंद करायचे का?

बंद करू नका, निवड बदला. मोठे, दुसरे मासे खाऊन वाढणारे मासे पारा साठवतात. मोरी (शार्क) टाळा, मोठी सुरमई क्वचित. छोटे मासे आठवड्यातून दोन-तीनदा, पूर्ण शिजवलेले. आणि हे दिवस वजन कमी करण्याचे नाहीत.

सुकी मासळी?

प्रथिनांच्या दृष्टीने उत्तम, मिठाच्या दृष्टीने जपून. दिवसभराचं सगळं मीठ मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढीच मर्यादा आहे. खारवलेल्या बांगड्याची एक तुकडी त्यातला मोठा वाटा खाते. खारवलेला मासा कोमट पाण्यात भिजवून पाणी टाकून द्या, सुकट-जवळा धुऊन घ्या, आणि त्या दिवशी पापड-लोणचं ताटात नको. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेल्यापेक्षा नुसत्या उन्हात वाळवलेल्या बोंबलाकडे वळावं. त्यात वांगं, शेवगा घातला की कमी बोंबलात मोठी भाजी होते.

जूनमध्ये मासेमारी बंद होते, मग श्रावण लागतो. तेव्हा प्रथिनं कुठून आणायची?

पावसाळ्यातच वजन वाढल्याच्या तक्रारी जास्त ऐकू येतात, आणि कारण उघड आहे: मासे गेले, चालणं थांबलं, भजी सुरू झाली.

उत्तर घरातल्या डब्यातच आहे. कुळीथ. १०० ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, भरपूर तंतू आणि लोह. कुळथाची पिठी आपण आजारपणात, नाहीतर घरात दुसरं काही नसलं की करतो, म्हणून तिला मान नाही. मोड आलेल्या कुळथाची उसळ, काळा वाटाणा, चवळी, मूग, वालाचं बिरडं यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या ताटात वाटीभर हवं. पिठी मात्र पळीवाढी पातळ आणि भात तीन वाट्या, असं केलं तर पिठीतून प्रथिनं जेमतेमच मिळतात. पिठी घट्ट करा. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांत १२ ग्रॅम.

आणि पहिल्या पावसानंतर ज्या रानभाज्या फुकट किंवा पाच-दहा रुपयांच्या जुडीने येतात त्यांचं काय सांगावं! टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळं, अळू. ताटातली निम्मी जागा भरायला याहून चांगलं काही नाही. कॅलरी नगण्य, तंतू भरपूर. टाकळा कोवळा असतानाच खुडायचा. अळू आणि शेवळं खाजरी, त्यांना चिंच, कोकम किंवा काकडं या रानफळांचा आंबटपणा लागतोच. ज्यांना मूतखडा झाला आहे त्यांनी अळू बेतानं. ओळख पटल्याशिवाय रानातलं काही तोडू नये, गावातल्या जाणत्या बाईला सोबत न्यावं. खोबऱ्याची मूठ अर्धी केलीत तर ही भाजी खरोखर हलकी राहते. यावरून पुढचा प्रश्न येतोच.

नारळ बंद करायला सांगितलंय. नारळाशिवाय स्वयंपाक कसा करू?

बंद नाही, पण मोजून. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण कोकणातल्या स्वयंपाकात लपलेल्या कॅलरींचं सर्वांत मोठं घर इथे आहे.

ओल्या खवलेल्या नारळाच्या एका वाटीत, म्हणजे साधारण ८० ग्रॅममध्ये, २८० च्या आसपास कॅलरी असतात. चौघांच्या कालवणाला एक वाटी वाटप लागलं तर माणशी ७० आले. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण त्याच जेवणात भाजीवर खोबरं, उसळीला वाटप, सोलकढीला रस आणि शेवटी नारळाची वडी असेल तर आकडा कुठल्या कुठे जातो, शिवाय फोडणीचं तेल वेगळं. नारळातली चरबी बहुतांश संपृक्त असते. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे त्यांना ती जास्त नडते.

तेव्हा एका जेवणात नारळ एकाच पदार्थात ठेवा. कालवणाला वाटप असेल तर भाजी कांदा-मिरचीवर परतलेली. भाजीला खोबरं असेल तर त्या दिवशी कुळथाची पिठी किंवा फोडणीचं वरण. वाटपात निम्मा नारळ काढून भाजलेला कांदा वाढवा, चार दाणे धणे आणि थोडे भाजलेले तांदूळ वाटा. दाटपणा येतो आणि घरच्यांना कळतही नाही. रस काढण्यापेक्षा खोबरं चोथ्यासकट वाटून घातलेलं चांगलं, कारण रस गाळताना तंतू चोथ्यात जातात आणि चरबी वाडग्यात येते.

तेलाचाही हिशोब याच ठिकाणी लावा. त्याच पोषण संस्थेच्या मापाने माणशी दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. चौघांच्या घरात महिन्याला तीन-साडेतीन लिटर झालं. किराण्याची यादी काढून बघा. पाच लिटरचा कॅन महिन्याच्या आत संपत असेल तर बाकी काही शोधायची गरज नाही.

रोज चमचाभर खोबरेल तेल प्यायलं की चरबी जळते का?

नाही. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी. डोक्याला लावा.

शहाळं?

घ्या. ग्लासभर पाण्यात साधारण ४०-५० कॅलरी, बाटलीतल्या थंड पेयांपेक्षा पुष्कळ बरं. मलई खरवडून खाल्लीत तर ती वेगळी मोजा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी शहाळं स्वतःच्या मनाने पिऊ नये, त्यातलं पोटॅशियम त्यांना धोक्याचं ठरू शकतं.

कोकम चरबी कमी करतं हे खरं आहे का? त्याच्या गोळ्याही मिळतात.

कोकमात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं, एवढं खरं. तेच आम्ल कोकमाच्या भावकीतल्या दुसऱ्या एका झाडाच्या फळातून काढून गार्सिनिया नावाच्या गोळ्या विकल्या जातात. माणसांवरच्या चाचण्यांत त्यांचा परिणाम नगण्य निघाला आहे आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. गोळ्यांवर पैसे घालवू नका.

कोकम जेवणात आंबटपणासाठी उत्तम आहे, तेवढंच त्याचं काम. फक्त बाटली बघून घ्या. अमृत कोकम म्हणजे साखरेचा पाक. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, बिनसाखरेचं असतं, पण त्यात मीठ असतं. पाण्यात आगळ, जिरं, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून बिननारळाची कढी करा, ती दोन वाट्या प्यायलीत तरी हरकत नाही. नारळाच्या रसाची सोलकढी मोठा ग्लासभर नको, लहान वाटीत.

आंब्याच्या दिवसांत काय करायचं?

आंबा खायचा. एप्रिल-मेमध्ये रत्नागिरी-देवगडात राहून हापूस न खाणं हे कुठल्याही आहारशास्त्रात बसत नाही. मध्यम हापूसमध्ये शंभरेक कॅलरी, शिवाय अ आणि क जीवनसत्त्वं. दिवसाला एक, तोही जेवणावर नाही. सकाळी अकराला किंवा चार वाजता, चहा-बिस्किटाच्या जागी. कापून किंवा चोखून खा. आमरस काढला की तीन आंबे एका वाडग्यात मावतात, वर साखर, सोबत पुऱ्या किंवा शिरवाळे, आणि मग दुपारची झोप.

मधुमेह आटोक्यात असेल तर अर्धा आंबा चालतो, त्या जेवणातला भात तेवढा कमी करून. साखर अगदीच वर असेल तर आधी डॉक्टर, मग आंबा.

फणसाचं थोडं उलटं आहे. पिकलेल्या गऱ्यांना हिशोब लावा, पाच-सहा पुरेत. कच्च्या फणसाची, विशेषतः कुयरीची भाजी मात्र पोटभर खा. आठळ्या उकडून भाजीत घातल्या तर भाताचा वाटा कमी करा, त्या पिठूळ असतात. आंबापोळी, फणसपोळी हे सुकवलेले गोड पदार्थ आहेत, फळं म्हणून मोजू नका.

काजू?

झाडं परसात असली तरी बोटांवर मोजून. ३० ग्रॅमला १६५ ते १७० कॅलरी. ओल्या काजूगरांची उसळ वर्षातून चार-पाचदा होते, तेव्हा मनसोक्त खा.

मी गोड काही खातच नाही, तरी वजन वाढतं.

चहा किती? घरात दोन, दुकानात दोन, कुणाकडे गेल्यावर एक. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे, म्हणजे ५० ग्रॅम साखर आणि २०० कॅलरी. वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा २० ते २५ ग्रॅम सांगतात. गुळाचा चहा केल्याने यात फार फरक पडत नाही. आठवड्याला अर्धा चमचा कमी करत या, जीभ महिनाभरात सरावते. चहासोबतची खारी, बटर, नानकटाई यांना लोक ‘कोरडं’ म्हणतात म्हणून ती हलकी वाटतात. वनस्पती तुपाशिवाय त्यांतलं काहीच होत नाही.

संकष्टी, सोमवार, एकादशी धरते. त्याने फायदा होत असेल ना?

एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा. एका बशीत भाताच्या दोन वाट्यांहून जास्त भरतं. उपास धरायचाच तर वरीचा भात वाटीभर, ताक, रताळं किंवा सुरण उकडून, एखादं फळ, मूठभर शेंगदाणे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, साखर अचानक खाली जाऊ शकते.

गणपतीत सगळं बिघडतं. काय करू?

बिघडू द्या थोडं. चाकरमानी घरी आलेत, घर भरलेलं आहे, आणि तुम्ही कोपऱ्यात काकडी चावत बसलात तर गणपतीही नाराज होईल. उकडीचा एक मोदक दीडशे कॅलरींच्या आसपास धरा, वर तुपाचा चमचा घातला तर आणखी ४५. दोन मोदक खा आणि त्या जेवणात भात घेऊ नका, कारण मोदकाची पारी तांदळाचीच. खरं नुकसान नैवेद्याच्या दिवशी होत नाही. पुढचे सहा-सात दिवस उरलेल्या करंज्या-लाडवांचे डबे आणि रोज रात्री भजनाच्या मंडळींसोबत चहा, भजी, उसळ-पाव, यात ते होतं. भजनाला टाळ वाजवा, भजी दुसऱ्याला द्या. पातोळे, खीर, धोंडस यांतलं रोज एकच. गौरी-गणपती गेले की डबे शेजारी वाटून टाका.

घरातली कामं दिवसभर करते. वेगळा व्यायाम कशाला?

विहिरीचं पाणी काढणं, उखळ, जातं होतं तेव्हा हे बरोबर होतं. आता पंप, मिक्सर, गॅस आहे. दमणूक होते, पण ती उभं राहण्याची आणि डोक्याची. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं हवं: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. ओल्या वाळूवर चाला, नाहीतर घराजवळची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, दिवसातून तीन-चारदा चढा. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारं काहीतरी: खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या कळश्या उचलणं. गुडघे दुखत असतील तर पाखाडी नको, सपाट रस्ता.

आणि नुसत्या चालण्यावर भिस्त ठेवू नका. अर्ध्या तासाच्या चालण्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. परतताना स्टँडवर एक वडापाव घेतला की त्याच्या दुप्पट परत.

शनिवारी थोडी घेतली तर?

३० मिलीच्या एका पेगात सत्तरेक कॅलरी, आणि त्यांचं पोषण शून्य. त्याहून घातक ती तळलेली कोलंबी, शेव, चकली आणि नंतर अकरा वाजता कोंबडी-वडे. गोवा जवळ आहे आणि बाटली स्वस्त पडते, हे कारण यकृताला समजत नाही.

पूर्ण शाकाहारी आहे. काही वेगळं बघावं लागेल का?

ब१२ तपासून घ्या, शाकाहाऱ्यांत त्याची कमतरता फार आढळते. दूध-दही-ताक रोज, उसळ दोन्ही वेळा. डाळ-भात हे एकमेकांची उणीव भरून काढणारं जेवण आहे, फक्त डाळ पाण्यासारखी नको.

एका दिवसाचं जेवण सांगाल का?

बैठं काम असलेल्या, वजन उतरवू पाहणाऱ्या मध्यम बांध्याच्या बाईचा दिवस साधारण असा: सकाळी दोन घावणे आणि काळ्या वाटाण्याची वाटीभर उसळ, किंवा पेज आणि अंडं. मध्ये एखादं फळ, पेरू, पपई, मोसमात आंबा. दुपारी बांगड्याचं तिखलं, लाल माठाची किंवा दोडक्याची मोठी वाटीभर भाजी, काकडीची कोशिंबीर, दीड वाटी भात. चार वाजता कमी साखरेचा चहा आणि मूठभर भाजलेले चणे. रात्री एक नाचणीची भाकरी, घट्ट कुळथाची पिठी, पडवळ किंवा भोपळ्याची भाजी, ताक. पुरुषांनी भात-भाकरी आणि उसळ थोडी वाढवावी. होडीवर जाणाऱ्याला हे पुरणार नाही, त्याने वजन वाढलेलं नसेल तर इकडे लक्षच देऊ नये.

जेवण रात्री आठच्या आधी व्हावंच असा दंडक नाही, पण जेवून लगेच आडवं होऊ नये. रात्रीचं जेवण दुपारपेक्षा हलकं राहिलं की झोपही बरी लागते.

आधी डॉक्टरांना कुणी विचारावं?

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयातली मुलं. काही न करता वजन झपाट्याने कमी होत असेल तर तीही आनंदाची गोष्ट नव्हे, तपासणी करून घ्या.

तीन आठवडे झाले, काटा हललाच नाही. कुठे चुकतंय?

आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे, आणि तो दर आठवड्याला सारखा दिसत नाही. रोज काट्यावर चढू नका, खारवलेला मासा खाल्ल्यावर अंगात पाणी राहून दुसऱ्या दिवशी किलोभर जास्त दिसू शकतं. आठवड्यातून एकदा, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. कंबर महिन्यातून एकदा. वजन तेच आणि कंबर दोन सेंटिमीटर कमी, असं झालं तर चाललंय ते चालू द्या. दोन्ही जागच्या जागी असतील तर तीन दिवस तोंडात गेलेलं सगळं वहीत लिहा: चव बघताना खाल्लेलं, नातवाच्या ताटातलं उरलेलं, शेजारणीने आणून दिलेली वडी. भात, तेल, नारळ आणि चहा, बहुतेक वेळा या चारांपैकी एकाचं माप पुन्हा सैल झालेलं सापडतं. सापडलं नाही आणि सोबत थकवा, केस गळणं, थंडी वाजणं असेल, तर थायरॉईडची रक्ततपासणी तालुक्याच्या ठिकाणी होते, ती करून या.